उखळीचा सांधा

माझ्या डाव्या बुटाचा तळ उजव्यापेक्षा बोटभर जाड असतो. पुण्यात बूट शिवणारे एक काका तो इतका बेमालूम चढवून द्यायचे की दुकानातून बाहेर पडताना मला वाटायचं, आता कुणाच्या बापाला कळायचं नाही. कळायचं अर्थात सगळ्यांना. पण बूट पायात असला की निदान स्वतःशी खोटं बोलायची सोय होती. जपानात आले आणि ती सोय गेली. इथे कुणाच्या घरात, दवाखान्यात, मुलीच्या बालवाडीत, कुठेही शिरायचं म्हणजे दारातच बूट काढायचे. बुटांबरोबर माझी ती बोटभर उंची दारात राहायची आणि मी आत जायची, आहे तशी.

माझा डावा खुबा जन्मापासूनच निखळलेला होता. मी चालायला लागेपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मग प्लास्टर, मग ऑपरेशन, मग पुन्हा प्लास्टर. आमच्या गल्लीत पोरी संध्याकाळी लंगडी खेळायच्या. मला खेळायला कुणी बोलवत नसे, हाक मात्र त्याच शब्दाने मारत. शाळेत विज्ञानाच्या तासाला सांध्यांचे प्रकार आले. गुडघा आणि कोपर हे बिजागरीचे सांधे, खांदा आणि खुबा हे उखळीचे. बाईंनी फळ्यावर मांडीच्या हाडाचं गोल टोक काढलं, ते वाटीसारख्या खळग्यात बसवलं आणि म्हणाल्या, या सांध्यामुळे पाय सगळ्या दिशांना फिरतो. 'खुबा' हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा अवकाश, सगळ्या वर्गाच्या माना माझ्याकडे वळल्या. बाई भल्या होत्या, त्यांनी घाईघाईने मोर्चा मणक्यांकडे वळवला. मी मान खाली घालून वहीत उखळ काढत बसले. माझं उखळ उथळ होतं, एवढाच काय तो माझा आणि पुस्तकाचा मतभेद.

कॉलेजात असताना हाडांच्या एका डॉक्टरांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. चालताना माणूस दर पावलाला क्षणभर एकाच पायावर उभा असतो. तेव्हा कमरेची दुसरी बाजू खाली पडू नये म्हणून टेकलेल्या पायाच्या खुब्यावरचा स्नायू कमरेचं हाड आपल्याकडे ओढून धरतो, तराजूची दांडी सरळ धरावी तसं. हाड म्हणजे नुसता खांब, सांधा म्हणजे नुसता टेकू, धरून ठेवायचं काम स्नायूचं. माझ्या डावीकडच्या स्नायूत तेवढी ताकद नाही. म्हणून डाव्या पायावर भार आला की माझी उजवी बाजू खचते, आणि तोल जाऊ नये म्हणून सगळं अंग डावीकडे झुकतं. लोक ज्याला लंगडणं म्हणतात ती खरं तर तुझ्या अंगाची हुशारी आहे, असं ते म्हणाले. मग म्हणाले, काठी वापर, उजव्या हातात. मला वाटलं, डॉक्टरांची गफलत झाली, दुखणं तर डावीकडे. ते हसले आणि म्हणाले, काठी नेहमी चांगल्या बाजूला धरायची, कारण खचते ती बाजू. तिथे हाताने जरासा टेकू मिळाला तरी पलीकडच्या स्नायूचं बरंचसं ओझं उतरतं.

शास्त्र मला पटलं. काठी मी घेतली नाही. तेव्हा घरात माझ्या लग्नाचं बघत होते. बघायला पाहुणे यायचे तेव्हा मी आधीच खुर्चीत बसलेली असायची आणि पोहे आत्या घेऊन यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आईचं म्हणणं. पाहुण्यांना पाय दाखवायचा तो सगळं जमल्यावर, आणि मग ते जमलेलं मोडायचं. एका मुलाने मात्र पहिल्याच भेटीत विचारलं, जरा फिरून येऊ या का? मी उठले, सगळ्यांच्या देखत चालले, आणि तो न बोलता माझ्या चालीने चालला. त्याच्याशीच मी लग्न केलं. तो सॉफ्टवेअरमध्ये होता. त्या वर्षांत आयटीतल्या पोरांची जपानला रीघ लागली होती, तिच्यात आम्हीही टोकियोजवळ ग्योतोकुला येऊन पडलो.

पुण्यात रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे विचारायचे, काय झालं पायाला, पोलिओ का? ग्योतोकुत कुणी चकार शब्द काढला नाही. स्टेशनवर, सुपरमार्केटमध्ये, लिफ्टमध्ये, कुणाची नजरसुद्धा कमरेखाली गेली नाही. वर्षभरात माझी खात्री पटली की इथे माझं चालणं कुणाला दिसतच नाही. शिवाय पुढे मुलगी जरा मोठी झाल्यावर माझा खुबा दुखायचाही कमी झाला. याचं श्रेय मी इथल्या हवेला आणि गरम पाण्याच्या टबाला दिलं. आईला फोनवर सांगायची, मला जपान मानवलं.

मुलीचा जन्म इथलाच. मी मराठीत बोलायची, ती जपानीत उत्तर द्यायची. मला ती मामा म्हणायची, कारण इथली सगळीच पोरं आईला मामा म्हणतात. आमच्याकडचे फोनवर हसून विचारायचे, तुमच्याकडे मामीला काय म्हणतात? पोर शहाणी होती. इतर मुलं रस्त्याने उड्या मारत, आईच्या हाताला हिसडे देत चालायची, आमची मात्र माझा हात धरून संथपणे चालायची. याचाही मी चारचौघांत तोरा मिरवला आहे.

ती बालवाडीच्या शेवटच्या वर्गात होती तेव्हाची ही गोष्ट. शरद ऋतूत इथे मुलांचा खेळांचा दिवस असतो, उंदोकाई. त्याच्या तयारीसाठी आयांची सभा होती. सभेला मी नेहमी लवकर जायची आणि सगळ्या यायच्या आत बसून घ्यायची, पोह्यांच्या कार्यक्रमासारखी. बाकी सगळ्या जमिनीवर पाय मुडपून बसायच्या. दाराजवळ एक मोठी खुर्ची मात्र नेहमी रिकामी मिळायची, ती मी पटकवायची. सेन्सेईंनी, म्हणजे वर्गाच्या बाईंनी, सांगितलं की मोठ्या गटात यंदा आई-बाबांपैकी एक आणि मूल अशी तीन पायांची शर्यत आहे. एकाचा पाय दुसऱ्याच्या पायाला बांधून पळायचं. तेवढ्यात आमच्याच बिल्डिंगमधली, जुळ्या मुलांची आई, माझ्या बाजूला बघून काहीतरी म्हणाली आणि सगळ्याजणी तोंडावर हात धरून हसल्या. वाक्यातले तीनच शब्द मला कळले, 'अशी ओ हिप्पारु'.

माझं जपानी म्हणजे दिव्याखाली अंधार, पण हे शब्द मला पक्के माहीत होते. अशी म्हणजे पाय. हिप्पारु म्हणजे ओढणं, कारण वेणी घालताना लेक रोज कुरकुरायची, हिप्पारानाइदे, ओढू नको. पाय ओढणं. माझी आत्या आयुष्यभर मला हेच सांगत आली होती, पाय ओढत चालू नकोस गं. माझे कान तापले. म्हणजे यांना दिसत होतं. यांना सगळं दिसत होतं आणि आज कुणीतरी तोंडावर बोललं. मी हसले, सगळ्यांबरोबर वाकून नमस्कार केले, बूट घातले आणि घरी आले.

नवऱ्याला मी एवढंच सांगितलं की शर्यतीत तू पळ. तो म्हणाला, त्या शनिवारी रिलीज आहे, पण बघतो. त्याचं 'बघतो' मला लग्नापासून माहीत होतं. मुलीला सांगितलं, बाबा पळतील, माझी कंबर दुखतेय. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "फूऽन." जपानी पोरांना काही पटलं नाही आणि वादही घालायचा नसला की ती असं म्हणतात.

पुढे दोन-चार दिवसांनी, दुपारी, मी वाळलेले कपडे घेऊन बाल्कनीतून आत आले. लेकीची माझ्याकडे पाठ होती. ती स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालत होती, आणि माझ्यासारखी चालत होती. डाव्या पायावर अंग टाकायचं, उजवी बाजू खचवायची, डावीकडे झुकायचं, पुन्हा सरळ व्हायचं. हुबेहूब. मी माझी चाल आयुष्यात कधी अशी डोळ्यांसमोर बघितली नव्हती. दुकानांच्या काचांकडे मी बघत नसे, नवऱ्याने काढलेला व्हिडिओ मी चालत असले की पुढे ढकलायची. आता माझी चाल माझ्याच घरात, माझ्याच पोटच्या पोरीच्या अंगात फिरत होती. कपडे तसेच खाली टाकून मी तिचा दंड धरला.

"मला वेडावतेस?"

ती दचकली. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं, पण दंड सोडवून घेतला नाही. "मामा नो अरुकिकाता, रेनश्यू," ती म्हणाली. मामाच्या चालण्याची प्रॅक्टिस. मग हुंदके देत तिने जे सांगितलं ते असं. सेन्सेई म्हणाल्या होत्या की ज्याच्याशी पाय बांधायचा त्याची चाल आधी शिकून घ्या, नाहीतर दोघंही पडाल. बाकीची मुलं इची-नी, इची-नी, एक-दोन, एक-दोन, असं एकसारखं मोजतात. पण मामाचा एक लांब असतो आणि दोन छोटा. इचीऽऽ, नी. इचीऽऽ, नी. बाकीच्यांसारखं मोजलं तर मामा पडेल. मी म्हटलं, पण शर्यतीत बाबा पळणार आहेत ना. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, बाबांना काम असतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपड्यांच्या ढिगाशेजारी मी खालीच बसले. तिने मला आणखी एकदा चालून दाखवलं, कुठे चुकतंय का विचारायला. कुठेच चुकत नव्हतं.

रविवारी चहाच्या वेळी मी नवऱ्याला ते सभेतलं वाक्य सांगितलं. तो इतका हसला की त्याच्या कपातला चहा सांडला.

"अगं, अशी ओ हिप्पारु म्हणजे टीमला मागे खेचणं," तो म्हणाला. "आमच्या मीटिंगमध्ये कुणीतरी रोज म्हणतं. बहुतेक माझ्याकडे बघून."

इथे कुठल्याही कामाआधी प्रत्येकाने म्हणायचं असतं, माझ्यामुळे तुम्हाला त्रास होणार. ती बाई स्वतःबद्दल बोलत होती. जुळ्यांपैकी एकाबरोबर पळून दमले की दुसऱ्याच्या वेळी आपण सगळ्यांना मागे खेचणार, असं काहीसं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मला हायसं वाटलं, आणि ते पुरता एक दिवसही टिकलं नाही. सोमवारी पुन्हा सभा होती. मी नेहमीपेक्षाही लवकर पोचले, तर सेन्सेई ऑफिसातून ती मोठी खुर्ची दोन्ही हातांनी उचलून आणत होत्या. दाराजवळ ठेवली, जराशी भिंतीकडे सरकवली. वर बघतात तो मी. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि खुर्चीशी आपला काही संबंध नसल्यासारख्या खडू आवरू लागल्या.

म्हणजे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पुण्यातले लोक तोंडावर विचारायचे, इथल्या लोकांनी खुर्ची आणून ठेवली, एवढाच फरक. विचारणाऱ्याला निदान फटकारता यायचं, आणि मी फटकारायचीही. खुर्चीला काय बोलणार? मी तिच्यात बसले. ती सभा मला आयुष्यातली सगळ्यात लांब सभा वाटली. शेवटी सेन्सेईंनी जोड्या विचारल्या तेव्हा मी हात वर करून म्हटलं, आमच्याकडून मी. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं. माझ्या बाबतीत तर उखळसुद्धा घरचंच होतं.

आमची तालीम नदीच्या बांधावर व्हायची. पहिल्याच दिवशी पाय बांधण्यावरून वाद झाला. मी म्हटलं, माझ्या डावीकडे ये, वाईट पाय तुझ्या पायाशी बांधू म्हणजे त्याला आधार होईल. ती ऐकेना. टॉवेलची पट्टी घेऊन उजवीकडे उभी राहिली आणि म्हणाली, "कोच्ची." या बाजूला. मला राग येतो तो पटकन येतो. मी चढ्या आवाजात विचारलं, का म्हणून? तिने खाली बसून पट्टी बांधता बांधता सांगितलं, मामा इकडे पडते. नेहमी इकडेच.

नेहमी. मी तिच्या डोक्याकडे बघत उभी राहिले. स्टेशनच्या जिन्यावर ती माझ्या उजवीकडे असायची. रस्त्याने उजवीकडून सायकली यायच्या, मी तिला डावीकडे ओढायची, आणि जरा वेळाने बघावं तर ती पुन्हा मागून फिरून उजवीकडे. त्यावरून मी तिला कितीदा रागावले होते. दप्तर मधे येऊ नये म्हणून ती ते नेहमी उजव्या खांद्यावर टाकायची. फोटोंतही तसंच. पोर हात धरून शहाण्यासारखी चालते असं मी सांगत होते, आणि ती हात धरत नव्हती, ती टेकू देत होती. माझा खुबा दुखायचा कमी झाला तो जपानच्या हवेने नव्हे.

ती झाली तेव्हा आई फोनवर म्हणाली होती, म्हातारपणाची काठी झाली हो तुला. मी म्हातारपणापर्यंत थांबले नव्हते. लोक बघतील म्हणून काठी घेतली नाही, आणि नीट चालायला शिकलेल्या पोरीची काठी केली. तीही उजव्या हातात, डॉक्टरांनी सांगितलं होतं अगदी तिथेच. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. माझा भार तिच्या हातावर यायचा, एवढ्यावरून ती शिकली होती. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून मी खाली वाकून पट्टीची गाठ पुन्हा घट्ट केली.

खेळांच्या दिवशी नवरा आला, कानाला फोन लावून, पण आला. शिट्टी झाली. सगळीकडून इची-नी, इची-नी सुरू झालं. लेक मोठ्याने आमचं मोजू लागली, इचीऽऽ, नी. पण आता मला माहीत होतं ना, त्यामुळे मी तिच्या खांद्यावर हात नुसता ठेवला होता, भार टाकत नव्हते. दर पावलाला अंग चोरत होते. परिणाम व्हायचा तोच झाला, चौथ्या-पाचव्या पावलाला आम्ही अडखळलो आणि मैदानाच्या मध्यावर उभ्या राहिलो. बाकीच्या जोड्या पुढे गेल्या. चुन्याच्या रेषेपलीकडे सगळ्या आया, सेन्सेई, जुळ्यांची आई, सगळ्या आमच्याकडे बघत होत्या, आणि या वेळी कुणी नजर वळवली नाही. माझे कान पेटले होते. लेकीने डाव्या हाताने माझी कंबर घट्ट धरली आणि मान वर केली.

"आई," ती मराठीत म्हणाली, "टेक ना."

मी टेकले. तिचा खांदा खाली गेला, मग वर आला, आणि थांबला. एवढ्याशा खांद्यात कुठलं हाड, कुठला स्नायू कशाला धरून राहिला कोण जाणे. इचीऽऽ, नी. आम्ही मैदान पार केलं ते सगळ्यांच्या शेवटी. इथे शेवटच्या जोडीला सगळ्यात जास्त टाळ्या वाजवायची पद्धत आहे, त्या टाळ्या मला सोसवेनात. तिला मात्र काही वाटलं नाही. ती बाबांना सांगत होती, आम्ही एकदाही पडलो नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मी काठी घेतली. लाज वाटली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. दुकानदाराने उंची मापायला मला सरळ उभं केलं तेव्हा घाम फुटला होता. सकाळी बालवाडीला निघालो. दारात बूट घातले, काठी उजव्या हातात घेतली. लेक सवयीने उजवीकडे आली आणि तिथे काठी बघून थबकली. तिने काठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ही रडणार. तेवढ्यात ती मागून फिरून डावीकडे गेली आणि तिने माझा हात धरला. त्या बाजूने तो हात मला अगदी हलका लागला.

कोपऱ्यापर्यंत ती नेहमीसारखी संथ चालली. मग तिने मला एकदा नीट बघून घेतलं, माझा हात सोडला आणि एक पाय वर उचलला. बालवाडीच्या फाटकापर्यंत ती माझ्यापुढे लंगडी घालत गेली.